सौदी अरेबियातील क्लाउड नेटवर्क : मांडणी कोडच्या रूपात

क्लाउडवरील सर्व्हरचे आयपी पत्ते, सबनेट आणि फायरवॉलचे नियम संगणकाच्या पडद्यावर एकेक पर्याय निवडून ठरवता येतात. ‘इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज कोड’ या पद्धतीत ही सारी मांडणी फायलींमध्ये लिहिली जाते आणि साधन त्यानुसार नेटवर्क उभारते. सौदी अरेबियात या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. कारण विदा कोठे साठवली जाते, या प्रश्नाला तेथे कायदेशीर वजन आहे.

पार्श्वभूमी

ऑरेकलने २०२० मध्ये जेद्दा येथे, तर गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये दम्माम येथे क्लाउड केंद्र सुरू केले. सौदीचा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १४ सप्टेंबर २०२३ रोजी लागू झाला आणि वर्षभराच्या सवलतीनंतर त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. वैयक्तिक विदा देशाबाहेर पाठवण्यावर त्यात अटी आहेत. त्यामुळे फायलीतील प्रदेशाचे नाव हा केवळ तांत्रिक तपशील उरत नाही.

कार्यपद्धती

हॅशिकॉर्पचे ‘टेराफॉर्म’ हे साधन २०१४ मध्ये आले. त्याचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलल्यावर ‘ओपनटोफू’ हा मुक्त पर्याय निघाला. दोन्हींत ‘प्लॅन’ ही आज्ञा संभाव्य बदल दाखवते आणि ‘अप्लाय’ ते अमलात आणते.

आरंभी पत्त्यांची वाटणी ठरवावी. १०.०.०.०/१६ या पट्ट्यात ६५,५३६ पत्ते असतात. हाच पट्टा कार्यालयीन नेटवर्कमध्येही वापरला असेल, तर पुढे दोन्ही जोडणे कठीण होते.

गूगल क्लाउडच्या नव्या प्रकल्पात सहसा ‘डिफॉल्ट’ नेटवर्क आपोआप तयार होते. त्यात अनेक प्रदेशांत सबनेट असतात आणि एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट साऱ्या जगाला खुला असतो. हे नेटवर्क काढून टाकावे, स्वयंचलित सबनेट बंद ठेवून दम्मामचे सबनेट स्वतः लिहावे आणि एसएसएचला केवळ ठरावीक पत्त्यांवरून परवानगी द्यावी.

दक्षता

रात्रीच्या तातडीत कोणी हाताने पोर्ट उघडला, तर प्रत्यक्ष नेटवर्क आणि कोड यांत तफावत पडते. त्या नियमाची नोंद कोडमध्ये असल्यास पुढील ‘अप्लाय’ तो बदल पुसून टाकते. सबनेटचा प्रदेश बदलल्यास ते नष्ट होऊन नव्याने उभारले जाते; म्हणून ‘प्लॅन’ पूर्ण वाचल्याविना पुढे जाऊ नये. ‘स्टेट’ फायलीत गुप्तशब्द उघड स्वरूपात असू शकतात. ती कोडसोबत न ठेवता कूटबद्ध, मर्यादित प्रवेशाच्या साठ्यात ठेवावी.

हस्तांतर

आखातातील नोकरी बहुधा कराराच्या मुदतीशी बांधलेली असते. अभियंता मायदेशी परतल्यावर एखादा नियम का केला होता, हे सांगणारा कोणी उरत नाही. बदल कोणी केला, कोणी तपासला आणि का केला, हे कोडच्या इतिहासात राहू शकते. मात्र कारण त्याच वेळी लिहिले असेल तरच. नियम कोडमधून वाचता येतो, त्यामागचा हेतू वाचता येत नाही.