निरोष्ठ रचना

निरोष्ठ रचना म्हणजे ज्यांच्या उच्चारासाठी ओठांचे साहाय्य लागते असे वर्ण पूर्णपणे टाळून केलेली गद्य किंवा पद्य रचना. संस्कृत साहित्यशास्त्रात तिचा समावेश चित्रकाव्यात होतो. मराठीत मोरोपंतांचे 'निरोष्ठ रामायण' हे या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

वर्ज्य वर्ण

प, फ, ब, भ, म ही पाच व्यंजने आणि उ, ऊ हे स्वर ओष्ठ्य आहेत. ओ व औ कंठोष्ठ्य, तर व दंतोष्ठ्य मानला जातो. काटेकोर रचनेत हे सर्वच वर्ण वर्ज्य ठरतात. ओठांमध्ये बारीक काडी उभी धरून पद्य म्हणून पाहणे ही सोपी कसोटी आहे. मात्र तिने ओठ मिटणारा प-वर्गच पकडला जातो, ओठांचा केवळ गोल आकार करविणारे उ आणि ओ सुटून जातात. 'निरोष्ठ' हा शब्द ओकारामुळे स्वतः निरोष्ठ नाही.

पूर्वपरंपरा

दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात स्वर, उच्चारस्थान व व्यंजने यांच्या मर्यादा घालून केलेल्या दुष्कर रचनांचा विचार केला आहे. त्याच्याच 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात प्रियेच्या दंतक्षतांनी ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली संपूर्ण हकिकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. येथे वर्णनियमाला कथेतच कारण मिळाले आहे, म्हणून तो कृत्रिम वाटत नाही. तेलुगू भाषेत मरिंगंटी सिंगराचार्य यांनी रामकथेवर निरोष्ठ काव्य रचले. त्याचे 'दशरथराजनंदनचरित्र' हे नावही नियमात बसणारे आहे. मम्मटासारख्या साहित्यशास्त्रकारांनी मात्र चित्रकाव्याला कनिष्ठ स्थान दिले.

मोरोपंत आणि रामकथेतील अडचण

मोरोपंत (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळा येथे झाला. पुढे त्यांचे वास्तव्य बारामतीस होते. त्यांनी १०८ रामायणे रचली असे मानले जाते. प्रत्येक रामायणात काही वेगळे बंधन पाळण्याची त्यांना हौस होती. 'निरोष्ठ रामायण' त्यांपैकी एक होय. त्याच शतकात आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ताहराबाद येथे संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) सर्वांना सहज समजेल अशी ओवी लिहीत होते. एकाच काळातील, शेजारच्या मुलुखातील या दोन कवींची वाट किती निराळी होती, हे यावरून दिसते.

रामकथेसाठी हे बंधन विशेष कठीण आहे, कारण 'राम' या नावातच मकार आहे. लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न, हनुमान, सुग्रीव, बिभीषण, कौसल्या, मंदोदरी, कुंभकर्ण ही नावेही बाद होतात आणि वकारामुळे रावण व वाली यांनाही जागा उरत नाही. सीता, जानकी, दशरथ, कैकेयी, अंगद, इंद्रजित, लंका आणि किष्किंधा मात्र टिकतात. वर्ज्य नावांच्या जागी रचनाकाराला दाशरथी, दशानन, कैकेयीतनय, अंजनीनंदन असे शब्द योजता येतात. अयोध्येला 'साकेत' हा पर्याय आयताच उपलब्ध आहे. लक्ष्मणाची अडचण अधिक, कारण सौमित्र आणि ऊर्मिलाकांत ही त्याची पर्यायी नावेही चालत नाहीत. शेवटी त्याला सीतेचा दीर म्हणण्याची पाळी येते.

पर्यायी शब्द बहुधा लांब असतो आणि त्यामुळे वृत्ताचे गणित बदलते. 'राम' शब्दाच्या तीन मात्रा होतात, 'दाशरथि' शब्दाच्या पाच. ज्या आर्येत मोरोपंतांचा हातखंडा होता, तिच्या चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. अशा मोजलेल्या जागेत दोन मात्रांची वाढ सामावून घेणे सोपे नाही. व्याकरणाचीही कोंडी होते. मी, तू, तो, आम्ही, पण, होता, म्हणून, करून, जाऊन, करावे यांपैकी काहीच वापरता येत नाही. आणि, ती, ते, केला, गेला, करील एवढ्यावर वाक्ये उभी करावी लागतात. मराठीत एक ते दहा मोजू लागले तरी दोन, पाच व नऊ गळतात. नात्यांपैकी आई, ताई, काका राहतात, बाबा, मामा, भाऊ राहत नाहीत.

शब्दांचा शोध

असे शब्द शोधण्यास नेहमीचा शब्दकोश फारसा उपयोगी पडत नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१) शब्द आद्याक्षराच्या क्रमाने लावलेले आहेत. शब्दाच्या मध्यभागी कोणता वर्ण दडला आहे, हे त्या क्रमावरून कळत नाही. संस्कृत 'अमरकोश' अधिक सोयीचा आहे. त्यात एका अर्थाचे अनेक शब्द एकत्र मिळतात. समुद्र नको असेल तर सागर, सिंधू चालत नसेल तर जलधि असा पर्याय तेथे लगेच सापडतो. त्याच्या नानार्थवर्गात शब्दांची मांडणी अंत्य व्यंजनानुसार आहे, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी हा कोश मुखोद्गत करण्याची पद्धत होती, त्यामुळे कवीला पाने उलटण्याची गरज पडत नसे.

इंग्रजीत 'ई' हे सर्वाधिक येणारे अक्षर टाळून अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी 'गॅड्सबी' ही सुमारे ५०,००० शब्दांची कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये फ्रेंच भाषेत तसाच प्रयोग केला. या दोन्ही रचनांत बंधन लिपीतील अक्षरावर आहे. निरोष्ठ रचनेत ते उच्चारावर आहे.

संगणकावर शब्द गाळताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. युनिकोडने वर्णमालेचा क्रम राखल्यामुळे प ते म ही अक्षरे सलग येतात. त्यांत व, चार स्वर आणि त्या स्वरांच्या चार मात्रा मिळवल्या की एकूण १४ चिन्हे वर्ज्य ठरवून मोठ्या शब्दसंग्रहातूनही निरोष्ठ शब्द वेगळे काढता येतात. परंतु अशा यादीत 'हंस' आणि 'संशय' राहतात. मराठीत त्यांचा अनुस्वार वकाराकडे झुकतो आणि ओठ गोल होतात. 'गृध्र' व 'हृदय' हेही राहतात. संस्कृतात ऋ मूर्धन्य असला, तरी मराठी माणूस त्याचा उच्चार 'रु' असाच करतो. इंग्रजीतून आलेल्या 'डॉक्टर'सारख्या शब्दांतील ऑ हा स्वर परंपरागत वर्णयादीत नाही, पण उच्चारताना ओठ तेथेही गोलावतात.