सिस्को कंपनी दोन मंद्यांतून कशी तरली? २००१ आणि २००९चा हिशेब

सिस्को सिस्टिम्स ही नेटवर्किंगची उपकरणं बनवणारी अमेरिकन कंपनी. बेळगाव, इंदूर, बडोदा, पुणे इथली कितीतरी मुलं पदवीनंतर 'सीसीएनए' ही परीक्षा देऊन नोकरी शोधतात, ती परीक्षा याच कंपनीची. अमेरिकेबाहेरचं तिचं सर्वात मोठं अभियांत्रिकी केंद्र बंगळूरात आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियात या कंपनीला पडसं झालं, तर इकडच्या बऱ्याच घरांत शिंक येते.

या कंपनीनं दहा वर्षांच्या आत दोन मोठ्या मंद्या पाहिल्या. २००१च्या मंदीत ती वर्षभराच्या हिशेबात तोट्यात गेली. २००८-०९ची मंदी त्याहून कितीतरी मोठी होती, तरी तेव्हा तिनं सहा अब्ज डॉलरहून जास्त नफा कमावला. दोन्ही वेळी प्रमुख एकच होते, जॉन चेंबर्स. मग फरक कशात पडला? बराचसा फरक गोदामातल्या मालात आणि तिजोरीतल्या रोकडीत होता.

कंपनी करते काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणक विभाग सांभाळणाऱ्या लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या जोडप्यानं १९८४च्या डिसेंबरमध्ये कंपनी काढली. सॅन फ्रान्सिस्को या शहराच्या नावातली शेवटची अक्षरं घेऊन 'सिस्को' हे नाव ठेवलं. मुख्य माल दोन प्रकारचा, राऊटर आणि स्विच. स्विच एकाच कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडतो. राऊटरचं काम एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरसारखं. आलेली माहिती कुठल्या वाटेनं पुढे पाठवायची, ते तो ठरवतो. इंटरनेट जसं वाढलं, तशी या डब्यांची मागणीही वाढत गेली.

१९९०च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली. त्याच वर्षी लर्नर यांना काढण्यात आलं आणि बोसॅकही बाहेर पडले. १९९५च्या जानेवारीत चेंबर्स मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याआधी वँग लॅबोरेटरीज या संगणक कंपनीत असताना त्यांना हजारो लोकांना कामावरून कमी करावं लागलं होतं. पुन्हा तशी वेळ येऊ नये, असं ते नंतर अनेकदा सांगत. तरी ती वेळ आलीच.

मार्च २०००: शिखरावर

१९९९-२००० हा डॉटकॉमच्या तेजीचा काळ. नव्या टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्या रोज उघडत होत्या आणि उसन्या पैशावर नेटवर्क उभारत होत्या. सिस्को त्यांना माल विकत होती. काही गिऱ्हाइकांना तर माल घेण्यासाठी स्वतःच कर्जही देत होती. एकट्या २००० सालात तिनं २३ छोट्या-मोठ्या कंपन्या विकत घेतल्या. मार्च २०००मध्ये शेअरचा भाव ८० डॉलरच्या आसपास पोचला आणि कंपनीचं बाजारमूल्य ५०० अब्ज डॉलरच्या वर गेलं. काही काळ ती जगातली सर्वात मौल्यवान कंपनी होती.

२००१: माल पडून, गिऱ्हाईक गायब

तेजीत सुट्या भागांची टंचाई होती. माल वेळेवर मिळावा म्हणून सिस्कोनं पुरवठादारांना मोठ्या ऑर्डरी आगाऊ देऊन ठेवल्या. दुसरीकडे, माल मिळायला उशीर होतो म्हणून गिऱ्हाइकं एकाच गरजेसाठी दोन-तीन ठिकाणी नोंदणी करत. त्यामुळे कागदावरची मागणी खऱ्या मागणीपेक्षा जास्त दिसत होती. हे दुकानदारीतलं जुनंच दुखणं आहे. सणाआधी चार दुकानांत सांगून ठेवणारं गिऱ्हाईक शेवटी एकाच दुकानातून माल उचलतं.

सिस्कोची हिशेबाची यंत्रणा तेव्हा नावाजलेली होती. कंपनीची सगळी खाती एका दिवसात बंद करून दाखवता येत. पण ही सारी यंत्रणा वाढ गृहीत धरून चालत होती. विक्री घटली तर काय, याचं गणित तिच्यात नीट मांडलेलंच नव्हतं.

२००१च्या सुरुवातीला मागणी एकदम कोसळली. उधारीवर उभ्या असलेल्या कंपन्या बुडाल्या. त्यांचे जवळपास कोरे राऊटर स्वस्तात बाजारात आले आणि सिस्कोचा जुना मालच तिच्या नव्या मालाशी स्पर्धा करू लागला. एप्रिल २००१ला संपलेल्या तिमाहीत विक्री आधीच्या तिमाहीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घसरून ४.७ अब्ज डॉलरवर आली. याच तिमाहीत सुमारे २.२५ अब्ज डॉलरचा साठा राइट-ऑफ करावा लागला. यातले पुष्कळ भाग खास सिस्कोच्या यंत्रांसाठी बनवलेले होते, दुसऱ्या कुणाला ते विकता येणार नव्हते. तिमाहीचा तोटा २.६९ अब्ज डॉलर झाला.

शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची उपमा चेंबर्स यांनी या संकटाला दिली. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या वाचकांना ही उपमा समजावून सांगायला नको. मात्र पाणी किती चढलं याबरोबरच घर नदीच्या किती जवळ बांधलं होतं, हेही विचारावं लागतं. आगाऊ ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांना दिलेली कर्जं हे कंपनीचे स्वतःचे निर्णय होते.

नोकऱ्यांचं काय झालं?

कंपनीनं सुमारे ८,५०० जणांना कमी केलं. त्यात कायम कर्मचारी सुमारे ६,००० आणि बाकीचे कंत्राटी व हंगामी होते. चेंबर्स यांनी आपला पगार वर्षाला १ डॉलर करून घेतला, पण त्यांना मिळणारे शेअरचे ऑप्शन वेगळे होते. काढलेल्या काही लोकांसाठी एक योजनाही आणली. वर्षभर एखाद्या सेवाभावी संस्थेत काम केल्यास कंपनी पगाराचा तिसरा हिस्सा आणि आरोग्य विमा देणार होती. योजना चांगली होती, पण ती मोजक्याच लोकांच्या वाट्याला आली.

ऑक्टोबर २००२मध्ये शेअर १० डॉलरच्या खाली उतरला. कंपनी बुडाली नाही, कारण तिच्यावर दीर्घ मुदतीचं कर्ज नव्हतं आणि हातात रोकड होती. वर्ल्डकॉमसारखी बडी टेलिफोन कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

मधली सात वर्षं

ऑगस्ट २००१मध्ये कंपनीची फेररचना झाली. ग्राहकवर्गानुसार वेगवेगळे असलेले अभियांत्रिकी विभाग एकत्र आणले, म्हणजे एकच काम दोन ठिकाणी होणं थांबलं. कंपन्या विकत घेण्यालाही लगाम बसला. २००१मध्ये फक्त दोनच खरेद्या झाल्या. २००७मध्ये बंगळूरात मोठं केंद्र सुरू झालं आणि कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी अमेरिकेतून तिथं राहायला आले.

२००८-०९: या वेळी तयारी होती

अमेरिकेतली मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९ अशी चालली. नोव्हेंबर २००८मध्ये सिस्कोनं १ अब्ज डॉलरची खर्चकपात जाहीर केली. नवी भरती रोखली आणि प्रवास तोडले. बैठका स्वतःच्याच 'टेलिप्रेझेन्स' या व्हिडिओ यंत्रणेवर घेतल्या. खर्च वाचला आणि मालाची जाहिरातही झाली. फेब्रुवारी २००९मध्ये दीड ते दोन हजार नोकऱ्या कमी होतील असं सांगितलं. २००१च्या मानानं हा आकडा लहान होता.

एप्रिल २००९च्या तिमाहीत विक्री आधीच्या वर्षापेक्षा १७ टक्क्यांनी घटून ८.२ अब्ज डॉलर झाली, तरी त्या तिमाहीत १.३ अब्ज डॉलरहून जास्त नफा राहिला. जुलै २००९ अखेर हातात सुमारे ३५ अब्ज डॉलरची रोकड आणि गुंतवणूक होती. कॅनडाची प्रतिस्पर्धी कंपनी नॉर्टेल मात्र त्याच वर्षी जानेवारीत दिवाळखोरीत गेली. जूनमध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातून जनरल मोटर्स बाहेर पडली, तिच्या जागी सिस्को आली.

आकडे थोडक्यात (आर्थिक वर्ष जुलैअखेर संपतं, रक्कम अब्ज डॉलरमध्ये):

- २०००: विक्री १८.९, नफा २.७
- २००१: विक्री २२.३, तोटा १.०
- २००२: विक्री १८.९, नफा १.९
- २००८: विक्री ३९.५, नफा ८.१
- २००९: विक्री ३६.१, नफा ६.१
- २०१०: विक्री ४०.०, नफा ७.८

भरलेल्या तिजोरीचा दुसरा धोका

मंदीत इतर थांबतात तेव्हा आपण पुढे जायचं, हे चेंबर्स यांचं धोरण. २००९मध्ये कंपनी सर्व्हरच्या धंद्यात उतरली. टँडबर्ग आणि स्टॅरंट या कंपन्या घेण्याचे सौदेही त्याच वर्षी जाहीर झाले. शिवाय 'फ्लिप' नावाचा खिशातला व्हिडिओ कॅमेरा बनवणारी प्युअर डिजिटल ही कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतली. पण मोबाईलमध्येच कॅमेरा आल्यावर फ्लिप कोण घेणार? एप्रिल २०११मध्ये हा धंदा बंद केला, सुमारे ५५० नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी ६,५०० जणांना कमी करण्याची घोषणा झाली. मंदीत वाचलेल्या नोकऱ्यांपैकी कित्येक मंदी संपल्यावर गेल्या.

आपल्यासाठी यात काय?

शेअर घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनी टिकणं आणि गुंतवणूकदाराचा पैसा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्कोची विक्री २०००च्या मानानं दुपटीवर गेली, पण मार्च २०००मधला भाव पुढच्या दोन दशकांत परत आला नव्हता. कंपनी चांगली होती, पण तेव्हा तिची किंमत अवाच्या सवा होती.

नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलांनी नफ्याच्या आकड्यावर नोकरीची खात्री धरू नये. २०१५मध्ये चेंबर्स यांच्या जागी चक रॉबिन्स आले. २०२४मध्ये कंपनीनं स्प्लंक ही सॉफ्टवेअर कंपनी सुमारे २८ अब्ज डॉलरला घेतली आणि त्याच वर्षी दोनदा कपात जाहीर केली, आधी सुमारे ५ टक्के, मग सुमारे ७ टक्के कर्मचाऱ्यांची. तेव्हा कंपनी नफ्यात होती. नुसता राऊटर जोडता येणं आता पुरेसं नाही, सुरक्षा आणि सॉफ्टवेअर या बाजूला काम सरकतं आहे. क्लासची फी भरण्याआधी तिथं हे विषय शिकवतात का, एवढं विचारून घ्यावं.