चरीची पडीक शेतं

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली पेरायचंच नाही असं ठरवलं. भातावर जगणाऱ्या कोकणात हा निर्णय म्हणजे स्वतःची चूल विझवणं होतं.

असं का केलं, याचं उत्तर खोतीच्या हिशेबात होतं. सरकारी सारा गोळा करणारा खोत हळूहळू गावाचा धनी होऊन बसला. अर्धेलीच्या जमिनीत पिकाचा निम्मा वाटा त्याचा. शिवाय वेठही होतीच. खाडीकाठच्या खारजमिनीत तर भरती अडवणारा बांध दरवर्षी सांभाळावा लागे. चिखल उपसावा कुळानं, वाढलेलं पीक मोजून न्यावं खोतानं! खंडीभर भात जास्त पिकवलं तरी त्यातलं अर्धं परक्याच्या कणगीत जाणार असेल, तर माणूस बांधावर जादा घाम का गाळेल? कोकणी कुळाला आळशी म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न कधी विचारलाच नाही.

नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षं चालला. शेतं पडीक राहिली. लोक जंगलातली लाकडं विकून जगले, पण हटले नाहीत. काम टाळणाऱ्यांना हे जमलं नसतं. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

खोती कायद्यानं संपली ती १९४९ नंतर. पुढे कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ला अनेक कुळं कसत्या जमिनीची मालक ठरली. आता बांध त्यांचा होता आणि त्यामागचं भातही.