रसपरित्याग : जिभेच्या सवयीचा इतिहास

करवीरनगरीची समृद्धी रसांवर उभी आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसविली आणि कोल्हापुरी गुळाला हक्काची बाजारपेठ लाभली. १९६३ साली जिल्हा दूध संघ स्थापन झाला आणि गावोगावी दुधाचा व्यवसाय रुजला. याच भूमीत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या जैन समाजाच्या ग्रंथांत मात्र गूळ व दूध यांची गणना त्यागावयाच्या रसांत झाली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली असून त्यांत 'रसपरित्याग' आहे. मूलाचाराने हे रस नावानिशी दिले आहेत : दूध, दही, तूप, तेल, गूळ व मीठ. यांपैकी एकाचा, काहींचा किंवा सर्वांचा त्याग करावा, अशी ही साधना होय.

श्रावकांच्या स्वयंपाकघरात या तपाचे सौम्य रूप उतरले. कंदमुळे वर्ज्य, चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशीला अनेक घरी हिरवी भाजीही नाही. इतर दिवशी ताटात दोडका, दुधी, पडवळ, कारले, गवार, जोडीला डाळ आणि भाकरी. कांदा-लसणाच्या चटणीसाठी ख्यात असलेल्या या मुलखात असा साधा आहार रुचला, कारण लहानपणापासून जीभ त्यालाच सरावली होती.

बेळगाव जिल्ह्यातील भोजचे आचार्य शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) यांनी १९२० साली यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतली. त्यांच्यामुळे या परिसरात दिगंबर मुनिपरंपरेला नवे चैतन्य लाभले. मुनींनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घ्यावयाचा. पदार्थ मागावयाचा नाही. मुनींनी ज्या रसाचा त्याग केला असेल, तो चौक्यातील गृहिणीने टाळावयाचा. अशा रीतीने मुनींच्या संयमाचा संस्कार घरच्या चुलीपर्यंत पोहोचत असे.

गांधीजींच्या आहारप्रयोगांमागेही जैन प्रेरणा होती. दूध विकार उद्दीपित करते, हा विचार आपणांस प्रथम रायचंदभाईंकडून, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांकडून मिळाला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले आणि पुढे भुईमूग, केळी, खजूर, लिंबू अशा फलाहारावर काही काळ काढला. मात्र त्यांनी एक सावधगिरीचा इशाराही दिला : उपवास व फलाहार यांनीही जिभेचे चोचले पुरविता येतात. स्वादाचे खरे आसन जिभेवर नसून मनात आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

आधुनिक शास्त्राने सवयीची ही शक्ती पडताळून पाहिली. १९८२ साली अमेरिकेत बर्टिनो, ब्यूशँप व एंगेलमन यांनी काही व्यक्तींना पाच महिने कमी मिठाचा आहार दिला. अखेरीस त्यांना पूर्वीपेक्षा कमी खारट सूप अधिक रुचू लागले. त्याच वर्षी बर्च व मार्लिन यांना दोन वर्षांच्या बालकांत असे आढळले, की अपरिचित पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखावयास दिला तितकी त्याची आवड वाढते. भाज्या-फळांतील तंतू व पाणी पोट भरल्याचे समाधान देतात, त्यामुळे गोड व तळीव पदार्थांची ओढ रोखणे सोपे जाते. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने कंद वगळून रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचविल्या.

आज बाजारात 'जैन' शिक्का असलेले फरसाण विपुल मिळते. कांदा-बटाटा वगळला म्हणून ते नियमात बसते. परंतु तेल आणि मीठ यांनी भरलेला तो पुडा रसपरित्यागात बसत नाही. मधुमेह व रक्तदाब घराघरांत शिरत असताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. पूर्वजांनी वर्ज्य पदार्थांची केवळ यादी मागे ठेवली नाही. जीभ घडविता येते, हा अनुभवही ठेवला. मुलांच्या ताटात दोडका-दुधी पुन्हा पुन्हा आला, तरच तो वारसा पुढे जाईल.