आखाजीची चार ढेकळं

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकीबाळी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. चुलीत पितरांच्या नावानं आगारी पडते. पाण्यानं भरलेली नवी घागर मांडतात, तीही पितरांसाठीच. पण शेतकऱ्याच्या घरात त्या घागरीकडं आणखी एक काम असे. येणारा पाऊस तिला विचारायचा.

ही विद्या मी आजीकडून शिकलो. लागायचं काय, तर कुंभाराची कोरी घागर आणि चार ढेकळं. ढेकळं एकाच शेतातली, एकाच मापाची हवीत. मुरमाड आणि काळी माती मिसळली तर काळी जास्त पाणी पिते, मग तुलना ती कसली? ढेकळांना नावं द्यायची: जेठ, आखाड, सावन, भादवा. त्यांवर घागर ठेवून काठोकाठ भरायची. कोरं मडकं पाझरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर उचलून बघायचं. जे ढेकूळ चिंब, त्या महिन्यात पाऊस. जे कोरडं, त्या महिन्यात ताण. मंत्र नाही की दक्षिणा नाही. घरचंच भांडं, घरचीच माती.

हेच मोठ्या प्रमाणावर बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला होतं. तिथं आखाजीला शेतात घट मांडतात. मध्ये ढेकळांवर घागर, भोवती गोलाकार धान्यं, घागरीवर पापड, कुरडई, वडे. पहाट झाली की कुठलं धान्य जागचं हललं ते पाहून पीकपाणी सांगतात. ते ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात.

आखाजीलाच हे का विचारायचं, त्याला हिशेबाचं कारण आहे. आमच्याकडं सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं आखाजीलाच ठरतं. कुणाला ठेवायचं, किती दाणे, किती पैसे, हे मालकाला त्याच दिवसांत बोलावं लागे. पाऊस मात्र अजून महिनाभर लांब. म्हणजे वर्षाचा शब्द आधी द्यायचा आणि वर्ष कसं जाणार ते नंतर कळायचं. त्या मधल्या जागेत ढेकळं बसली होती. सरकारलाही हीच घाई होती. हवामान खातं १८७५ साली निघालं आणि पावसाळ्याचा पहिला अधिकृत अंदाज १८८६ च्या जूनमध्ये आला. तो काढताना हिमालयातला बर्फ बघितला होता. आमच्या घरात बर्फ नव्हता, मडकं होतं.

१९७२ च्या आखाजीला आमची तीन ढेकळं चिंब निघाली, भादवा तेवढा कोरडा. वडील खुशीत आले. दोन्ही सालदार कायम केले आणि एकाच्या सालात चार पायल्या वाढवून दिल्या. आजीनं ढेकळं पाहिली, मान हलवली आणि आत गेली. राखेत कालवलेल्या बाजरीच्या बियाण्याचा एक माठ तिनं उतरंडीच्या तळाशी सरकवला. वडील म्हणाले, "माय, आते तर ढेकळं भिजनात ना?" ती म्हणाली, "ढेकूयले काय समजस? बी घरमाच पाहिजे."

त्या वर्षी काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पेरलेलं करपलं. दिवाळीपर्यंत सालदारांना द्यायला दाणे उरले नाहीत. वाढीव चार पायल्या ज्याला कबूल केल्या होत्या, तो बायकोपोरांसह दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. तिथं मजुरी होती, सुकडी होती. अशाच कामांच्या अनुभवातून पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आमच्या घरातला शब्द मात्र मोडला तो मोडलाच. वडील त्याच्या घरावरून जाताना मान खाली घालत.

ढेकळांवर कुणी राग काढला नाही. घागरीचं बूड गोल, अंगण जरा उताराचं. पाणी ज्या बाजूला पाझरेल तो महिना ओला, हे आजीला आधीपासून कळत असणार. तरी ती दर आखाजीला घागर मांडी, आणि दर आखाजीला माठही सरकवी. पहिलं तिनं आम्हाला शिकवलं. दुसरं शिकवलं नाही, ते आम्ही बघत होतो.

१९७३ चा पाऊस पडला तेव्हा गावात बियाणं मिळेना. आजीनं तळाचा माठ बाहेर काढला, राख पाखडली आणि निम्मी बाजरी खडी फोडून परतलेल्या त्या सालदाराच्या घरी पाठवली.