पाकप्रात्यक्षिक आणि गृहविक्री : अमेरिकेतील एका व्यापारपद्धतीचा इतिहास

स्वयंपाकघर आणि बाजारपेठ ही दोन परस्परभिन्न क्षेत्रे होत, असे आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात दीर्घकाळ गृहीत धरले गेले. पहिल्यात उपभोग आणि दुसऱ्यात विनिमय, अशी त्यांची वाटणी केली जाई. विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झालेली एक व्यापारपद्धती मात्र या वाटणीत बसत नाही. एखाद्या गृहिणीने आपल्या मैत्रिणींना व शेजारणींना घरी बोलवावे, विक्रेत्याने अगर विक्रेतीने त्यांच्यासमक्ष पदार्थ रांधून दाखवावा, पाहुण्यांनी तो चाखावा आणि ज्या भांड्यांत वा उपकरणांच्या साह्याने तो सिद्ध झाला त्यांची मागणी तेथल्या तेथे नोंदवावी, असे तिचे स्थूल स्वरूप होय.

या पद्धतीकडे विक्रीची एक क्लृप्ती म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु तिच्या इतिहासात त्याहून मोठा प्रश्न दडलेला आहे. गृहिणीचे पाककौशल्य, तिचे आतिथ्य आणि तिचा शेजारधर्म यांचे जेव्हा भांडवलात रूपांतर झाले, तेव्हा त्या भांडवलाची मालकी कोणाकडे राहिली, हा तो प्रश्न होय. त्याच्याच अनुरोधाने या पद्धतीच्या वाटचालीचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रात्यक्षिकाचा शैक्षणिक उगम

लोकांसमोर स्वयंपाक करून दाखविण्याची प्रथा व्यापाराने निर्माण केली नाही. ती प्रथम शिक्षणक्षेत्रात रुजली. १८७९ मध्ये बॉस्टन येथे पाकशाळा स्थापन झाली. पुढे तिच्या प्राचार्या झालेल्या फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्रावरील ग्रंथात सपाट भरलेल्या पेल्याचे व चमच्याचे नेमके माप प्रतिष्ठित केले. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदांतून, एलेन रिचर्ड्स यांच्या नेतृत्वाखाली, गृहशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा आकारास आली आणि १९०९ मध्ये अमेरिकन गृहशास्त्र संघटना स्थापन झाली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषिविद्यापीठांच्या विस्तारकार्यास संघराज्याचे द्रव्यसाहाय्य मिळाले. त्या योगे पगारी गृहप्रात्यक्षिक-सेविका खेडोपाडी जाऊन फळे व भाज्या टिकविण्याची, पोषक आहाराची व इंधनाच्या काटकसरीची रीत स्त्रियांना शिकवू लागल्या.

या सेविकांना काही विकावयाचे नव्हते. त्यामुळे, समोर रांधून दाखविणारी व्यक्ती काहीतरी हिताचे सांगते, असा विश्वास स्त्रीवर्गात निर्माण झाला. व्यापाराच्या हाती पुढे जे साधन आले त्याचे खरे मोल या विश्वासात होते.

अ‍ॅल्युमिनियमची भांडी आणि रांधून दाखविण्याची निकड

व्यापारी प्रात्यक्षिकाचा जन्म एका नव्या धातूच्या अडचणीतून झाला. चार्ल्स मार्टिन हॉल याने १८८६ मध्ये विद्युद्विघटनाने अ‍ॅल्युमिनियम वेगळे करण्याची रीत शोधून काढली आणि १८८८ मध्ये पिट्सबर्ग येथे त्याच्या उत्पादनासाठी कंपनी उभी राहिली. पूर्वी मौल्यवान गणला जाणारा हा धातू अल्पावधीतच स्वस्त झाला; परंतु त्याचा उपयोग कशासाठी करावा हे ठरावयाचे होते. भांडी हा एक सहज सुचणारा उपयोग होता. तथापि ओतीव लोखंडाच्या व एनॅमलच्या भांड्यांना सरावलेल्या गृहिणींचा या हलक्या धातूवर भरवसा बसेना. पातळ पत्र्याच्या हलक्या प्रतीच्या भांड्यांनी त्याची आधीच अपकीर्ती केली होती. जाड बुडाच्या, परंतु महाग भांड्याचा गुण दुकानाच्या फळीवर दिसत नसे. अन्न समान आचेवर शिजते, करपत नाही, पाणी थोडे लागते, या गोष्टी चुलीवरच पटवून देणे भाग होते.

पेनसिल्व्हेनियातील न्यू केन्सिंग्टन येथे १९०१ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅल्युमिनियम कुकिंग युटेन्सिल कंपनीने यावर तोड काढली. 'वेअर-एव्हर' या नावाची आपली भांडी घेऊन तिने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सुटीच्या दिवसांत घरोघर धाडले. हे विद्यार्थी गृहिणीच्याच स्वयंपाकघरात भांडे चढवून दाखवीत. एका घरी एक प्रात्यक्षिक करण्यापेक्षा अनेक कुटुंबांना एकत्र जेवू घालणे अधिक किफायतीचे, हे लवकरच ध्यानात आले. १९२० नंतरच्या दशकात शिकागोच्या क्लब अ‍ॅल्युमिनियमसारख्या कंपन्यांनी जाड ओतीव भांड्यांच्या विक्रीसाठी घरगुती प्रात्यक्षिकांचा आधार घेतला. महामंदीत ही कंपनी डबघाईस आली. १९३२ मध्ये तिची सूत्रे हाती घेणारे हर्बर्ट टेलर यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सत्य, न्याय, सद्भाव व सर्वांचे हित यांवर आधारलेली चार प्रश्नांची एक कसोटी तयार केली. १९४३ मध्ये रोटरी इंटरनॅशनलने ती स्वीकारली आणि रोटरी क्लबांच्या द्वारे ती भारतातही परिचित झाली. भांडी विकणाऱ्या एका बुडत्या कंपनीच्या कचेरीत तिचा उगम आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

या पहिल्या टप्प्यात विकणारा बहुधा पुरुष व विकत घेणारी स्त्री, असे नाते होते. ते पुढील दोन दशकांत पालटले.

कायद्याचा दाब आणि यजमानिणीचे आगमन

मंदीच्या काळात बेकारांनी दारोदार विक्रीचा मार्ग धरला आणि त्यांचा उपद्रव नागरिकांना जाणवू लागला. वायोमिंग संस्थानातील ग्रीन रिव्हर या गावाने १९३१ मध्ये, घरमालकाने न बोलावता विक्रीसाठी दार ठोठावण्यास बंदी केली. इतर अनेक गावांनी तिचे अनुकरण केले आणि लुइझियानातील अलेक्झांड्रिया येथील अशाच निर्बंधाविरुद्धच्या दाव्यात, १९५१ मध्ये, संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. घरगुती बैठकीला या निर्बंधाची बाधा होत नव्हती, कारण तेथे विक्रेती निमंत्रित असे. गृहिणीचे आमंत्रण हाच तिचा परवाना होता.

दुसरा दाब कामगार कायद्यांचा होता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने मालकावर कराचा भार पडला आणि १९३८ च्या कायद्याने किमान वेतन ठरविले. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांनी आपले विक्रेते नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत, अशी भूमिका घेतली. संघराज्याच्या नोकरीविषयक करांपुरता या भूमिकेस १९८२ च्या करकायद्याने स्पष्ट आधार दिला. त्यामुळे वेतन, निवृत्तिवेतन वा आजारपणाची रजा यांपैकी कशाचीही जबाबदारी कंपनीवर राहिली नाही.

१९३१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफील्ड येथे फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज व कॅथरिन ओब्रायन यांनी स्थापन केलेल्या स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स या कंपनीने ब्रश व सफाईच्या वस्तूंसाठी ही बैठकपद्धती सुघटित केली. तिची यंत्रणा लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. यजमानिणीने जागा, फराळ व माणसे पुरवावयाची. बैठकीतील विक्रीच्या प्रमाणात तिला भेटवस्तू मिळावयाची. विक्रेतीला विक्रीवर दलाली मिळे; शिवाय तिने नव्या विक्रेती आणल्या तर त्यांच्या विक्रीतीलही काही अंश. बैठक संपण्यापूर्वी पाहुण्यांपैकी एकदोघींनी आपल्या घरची तारीख द्यावी, हा संकेत सर्वांत महत्त्वाचा होता. एका बैठकीतून दुसरी निघाली नाही तर धंदा खुंटे. म्हणजे मालाच्या साठ्यापेक्षा ओळखीपाळखींचा साठा हेच खरे भांडवल होते, आणि ते पुरविणारी स्त्री होती.

ब्राउनी वाइज यांचे उदाहरण

या पद्धतीचे सामर्थ्य व तिची मर्यादा दोन्ही एकाच व्यक्तीच्या चरित्रात पाहावयास मिळतात. अर्ल टपर यांची प्लॅस्टिकची झाकणबंद भांडी १९४६ मध्ये दुकानांत आली. झाकण दाबून हवा कशी काढावयाची, हे गिऱ्हाइकांना न उमगल्यामुळे ती पडून राहिली. स्टॅन्ली कंपनीच्या बैठकींत तयार झालेल्या ब्राउनी वाइज (१९१३–१९९२) या, घटस्फोटित व एका मुलाचा सांभाळ करणाऱ्या बाईंनी हीच भांडी घरगुती बैठकींत मोठ्या प्रमाणावर खपवून दाखविली. १९५१ मध्ये टपर यांनी माल दुकानांतून काढून घेतला, केवळ बैठकींतून विकण्याचे ठरविले आणि वाइज यांना त्या शाखेच्या उपाध्यक्ष नेमले. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

युद्धकाळात कारखान्यांत राबलेल्या बहुसंख्य स्त्रिया युद्धोत्तर काळात पुन्हा घरात परतल्या होत्या. त्यांना वाइज यांनी जे दिले ते केवळ कमिशन नव्हते. हिशेब ठेवणे, चारचौघींसमोर बोलणे, आपल्या नावाने गौरव स्वीकारणे या गोष्टी अनेकींना प्रथमच साधल्या. फ्लॉरिडातील वार्षिक मेळाव्यांतून या गौरवाचा सोहळा होई. ज्या काळी कचेऱ्यांतील वरिष्ठ जागा स्त्रियांना जवळजवळ बंद होत्या, त्या काळी या लाभाचे मोल कमी लेखता येत नाही.

परंतु १९५८ च्या जानेवारीत टपर यांनी वाइज यांना पदावरून दूर केले. त्यांच्या नावे कंपनीचा एकही भाग नव्हता; सुमारे एक वर्षाच्या पगाराइतक्या, म्हणजे ३०,००० डॉलरांच्या आसपासच्या रकमेवर त्यांची बोळवण झाली. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी रेक्सॉल या औषधविक्री संस्थेस सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरांस विकली. विक्रीची सर्व यंत्रणा जिने उभारली तिची मालकी त्या यंत्रणेत कोठेच नव्हती. लक्षावधी बैठकींतील यजमानिणींची जी स्थिती होती तीच, फक्त मोठ्या प्रमाणावर, तिच्या प्रमुखाचीही होती.

गृहशास्त्राचे पुनरागमन

१९८० मध्ये इलिनॉयमधील रिव्हर फॉरेस्ट येथे डोरिस क्रिस्टोफर यांनी आपल्या घराच्या तळघरात 'पॅम्पर्ड शेफ' हा उद्योग सुरू केला. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर काढलेले ३,००० डॉलरांचे कर्ज हे त्यांचे मूळ भांडवल. त्या स्वतः गृहशास्त्रज्ञ असून इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तारसेवेत त्यांनी काम केले होते. १९१४ च्या कायद्याने घडविलेली शिक्षणपरंपरा अशा रीतीने थेट व्यापारात उतरली. त्यांच्या बैठकीत सुरी, किसणी, भाजण्याची मातीची फरशी ही उपकरणे प्रत्यक्ष पदार्थ करून दाखविली जात आणि विक्रेतीला 'सल्लागार' म्हणत. शिक्षिकेची प्रतिष्ठा विक्रेतीस लाभावी, हा त्या संज्ञेचा अर्थ उघड आहे.

येथे मालकी स्त्रीकडे होती, हा भेद नोंदविला पाहिजे. २००२ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीने हा उद्योग विकत घेतला. त्या वेळी त्याची वार्षिक विक्री ७० कोटी डॉलरांहून अधिक व सल्लागारांची संख्या ६७,००० होती. या दोन आकड्यांचा भागाकार केल्यास दर सल्लागारामागे वर्षाची विक्री सुमारे १०,४०० डॉलर येते. तिची मिळकत म्हणजे या रकमेतील दलालीचा अंश आणि प्रवास, नमुन्याची उपकरणे इत्यादी खर्च त्यातूनच भागवावयाचा. सरासरी ही दिशाभूल करू शकते, कारण थोड्या विक्रेतींची विक्री मोठी व बहुतेकींची अल्प असते. परंतु त्यामुळे बहुतेकींची स्थिती सरासरीहूनही हलकी ठरते. उद्योजिकेचा उत्कर्ष खरा होता. तो सर्व सल्लागारांस लाभला असे म्हणता येत नाही.

भीड आणि मालकी

या पद्धतीवरील सर्वांत जुना आक्षेप भिडेचा आहे. 'भीड भिकेची बहीण' ही मराठी म्हण येथे अक्षरशः लागू पडते. मैत्रिणीच्या घरी तिच्याच हातचे खाऊन रिकाम्या हाताने निघणे अवघड असते. घरी झालेल्या विक्रीत ग्राहकाचा नकार दुबळा होतो, हे अमेरिकेच्या कायद्यानेही मान्य केले. १९७४ मध्ये अमलात आलेल्या नियमानुसार घरी केलेल्या २५ डॉलर वा अधिक रकमेच्या खरेदीचा करार तीन कामाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क ग्राहकास मिळाला.

भारतात टपरवेअर कंपनी १९९६ मध्ये आली आणि मध्यमवर्गीय घरांत ही बैठक परिचित झाली. महाराष्ट्रातील वाचकास तिच्यात हळदीकुंकवाची छाया दिसणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंतील देण्याघेण्याची दिशा उलट आहे. हळदीकुंकवात यजमानीण वाण लुटते आणि पाहुण्या ते घेऊन जातात. विक्रीच्या बैठकीत पाहुण्यांच्या खरेदीवर यजमानिणीचे वाण ठरते. पुढे थेट विक्रीच्या नियमनासाठी २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने स्वतंत्र नियम जारी केले व साखळीपद्धतीच्या योजनांना मनाई केली.

मालकीच्या प्रश्नाला मात्र नियमांनी उत्तर मिळत नाही. त्या दृष्टीने मुंबईतील गिरगावात १९५९ मध्ये ८० रुपयांच्या उसनवारीवर सात स्त्रियांनी सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग तुलनेस घेण्यासारखा आहे. तेथेही घर हेच कामाचे ठिकाण आणि पाककौशल्य हेच भांडवल. परंतु पापड लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक मानली गेली. दोन्ही पद्धतींनी स्त्रीला उंबरठा न ओलांडता मिळकत दिली. मात्र एकीत तिचे कौशल्य तिच्याच संस्थेत साठले, तर दुसरीत तिच्या ओळखी खर्ची पडल्या आणि त्यांतून झालेला संचय अन्यत्र गेला.

ओळखींचा साठा अक्षय नसतो. टपरवेअर कंपनीने २०२२ मध्ये आपला माल अमेरिकेतील टार्गेट या दुकानमालिकेत पुन्हा ठेवला आणि २०२४ च्या सप्टेंबरात दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाचे संरक्षण मागितले. या अवनतीस कर्जासह इतर कारणेही होती. तथापि जी बैठक १९५१ मध्ये दुकानाला पर्याय ठरली तिला सात दशकांनी पुन्हा दुकानाचा आश्रय घ्यावा लागला, एवढे स्पष्ट आहे. गृहिणीच्या श्रमाचा इतिहास लिहिताना वेतनाच्या नोंदी पुरेशा नाहीत. आमंत्रण, आतिथ्य व भीड यांचाही हिशेब मांडावा लागतो, हे या व्यापारपद्धतीच्या अभ्यासातून दिसून येते.