टोक न काढावयाची पेन्सिल

आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे औषधालाही नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेल खोऱ्यात एक काळा, मऊ दगड सापडला. लोकांनी तो शिशाचाच प्रकार मानला, आणि ते चुकीचे नाव आपल्याही तोंडी बसले. वास्तविक ते ग्राफाइट, म्हणजे हिऱ्याचा सख्खा भाऊ. हात काळे करणारा हा दगड धरावा कशात, हा पहिला प्रश्न होता. १५६५ साली कॉनराड गेस्नर या झुरिकच्या पंडिताने आपल्या ग्रंथात लाकडी नळीत बसविलेल्या कांडीचे चित्र दिले आहे. कांडी वेगळी आणि तिला धरणारा वेगळा, ही कल्पना इतकी जुनी आहे. १७९१ साली ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकावर फुटलेल्या 'पँडोरा' या ब्रिटिश नौकेच्या अवशेषांतही अशी एक यांत्रिक पेन्सिल मिळाली.

पुढे १८२२ साली लंडनमध्ये सॅम्प्सन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी कांडी पुढे सरकविणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट घेतले. मॉर्डनच्या पेन्सिली चांदीच्या, क्वचित सोन्याच्या. त्या घड्याळाच्या साखळीला शोभत, शाळेच्या दप्तराला नव्हे.

ही वस्तू सामान्यांच्या खिशात आली ती विसाव्या शतकात, आणि येथे इतिहासलेखकांची एक लबाडी सांगितली पाहिजे. यांत्रिक पेन्सिलीचा शोध जपानच्या तोकुजी हायाकावा यांनी १९१५ साली लावला, असे सर्रास लिहिले जाते. वरील साले पाहता ते टिकत नाही. शिवाय अमेरिकेत चार्ल्स कीरन यांनी १९१३ च्या सुमारास 'एव्हरशार्प' तयार केली होती. शिकागोच्या वॉल या बेरीज-यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने तिचे उत्पादन हाती घेतले, हळूहळू धंदाही घेतला, आणि कीरन बाहेर राहिले. पेन्सिलीला नाव मिळाले, माणसाला नाही.

परंतु हायाकावांचे श्रेय नाकारण्याचाही आमचा हेतू नाही. त्यांचा जन्म १८९३ सालचा. बालपण दत्तक घरी हालात गेले आणि लहानपणीच ते धातुकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिले. त्या काळच्या सेल्युलॉइडच्या पेन्सिली चटकन बिघडत. हायाकावांनी आतील यंत्र पितळेचे केले आणि बाहेर निकेलचा देह दिला. दुकानदारांनी नाके मुरडली. हिवाळ्यात धातू हाताला गार लागतो, आणि किमोनोवर तो शोभत नाही, अशी त्यांची तक्रार! पहिल्या महायुद्धाच्या काळात योकोहामाच्या एका व्यापारी पेढीकडून परदेशासाठी मोठी मागणी आली, तेव्हा कुठे घरच्या बाजाराचे डोळे उघडले. आपल्याकडेही असे घडत नाही काय?

१ सप्टेंबर १९२३ रोजी तोकियोचा महाभूकंप झाला. भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने हायाकावांची पत्नी, दोन मुले आणि कारखाना, सारे हिरावून नेले. त्यातच पेन्सिलीच्या विक्रेत्या पेढीने कर्जाचा तगादा लावला. त्यांनी पेन्सिलीची पेटंटे ओसाकाच्या त्या पेढीच्या हवाली केली, काही महिने तिच्याच चाकरीत राहून तिला ती विद्या शिकविली, आणि मग रिकाम्या हातांनी नवा कारखाना काढला. परदेशातून आलेला एक रेडिओ विकत घेऊन त्यांनी तो सुटा केला, आणि १९२५ साली स्वतःचा रेडिओ बाजारात आणला. त्याला नाव दिले 'शार्प'. पेन्सिल गेली होती, तिचे नाव तेवढे त्यांनी आपल्यापाशी ठेवले.

पेन्सिलीची कथा मात्र पुढे चालूच राहिली. अडचण कांडीची होती. १७९५ साली फ्रान्सच्या कोंते यांनी ग्राफाइटात चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली. ती लाकडी पेन्सिलीस उत्तम, पण मातीची कांडी बारीक केली की काडकन मोडे. १९६० साली जपानच्या दाइनिहोन बुंगू कंपनीने (हीच पुढे पेन्टेल झाली) मातीऐवजी राळेसारखे कृत्रिम द्रव्य वापरून ०.९ मिलिमीटरची कांडी केली. थोड्याच वर्षांत ०.५ वर मजल गेली. आतील रचना गमतीची आहे. वरचे बटण दाबले की तीन पाकळ्यांचा चिमटा कांडी घेऊन पुढे सरतो. त्यावरचे कडे मध्येच अडते, पाकळ्या उघडतात, आणि स्प्रिंग रिकाम्या चिमट्यास मागे ओढते. कांडी मात्र मागे जात नाही, कारण टोकापाशी रबराची एक चिमुकली चकती तिला धरून ठेवते. चिमट्याच्या पुढे उरलेला अखेरचा तुकडा कोणाच्याच पकडीत नसतो. काटकसरी माणसाला तो टाकताना हळहळ वाटते.

आपल्याकडे ती 'पेन-पेन्सिल' झाली. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेली 'कॅमलिन' पुढे अशा पेन्सिलीही विकू लागली. २०११ साली तिची निम्म्याहून अधिक मालकी जपानच्या 'कोकुयो'कडे गेली. ही कंपनीही ओसाकाचीच. १९०५ साली तिने आरंभ केला तो जमाखर्चाच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांपासून.

हायाकावा १९८० साली वारले. २०१६ साली 'शार्प'ही तैवानच्या होन हाय कंपनीच्या ताब्यात गेली. जपानी मुले मात्र अजूनही दुकानात जाऊन 'शार्पेन'च मागतात.